न ठेवलेली अमानत

पूर्वी हजला निघालेला माणूस घर सोडण्याआधी दोन कामे हमखास करी. ज्याचे देणे असेल त्याचे फेडी, आणि ज्याचे मन दुखावले असेल त्याच्याकडे जाऊन माफी मागे. तिसरे काम घरातली बाई करी. दागिन्यांचा डबा जुन्या फडक्यात घट्ट बांधून ती शेजारच्या विश्वासाच्या घरी नेऊन देई. ठेवून घेणारी बाई ती गाठ कधी सोडत नसे. हाजीसाहेब परतले की गाठोडे होते तसे परत जाई. आत किती तोळे होते हे तिला शेवटपर्यंत ठाऊक नसे, आणि ठाऊक नसणे हाच तिच्या इमानदारीचा दाखला असे.

ही न सोडलेली गाठ मला आठवते ती माझ्या धंद्यामुळे. मी पोटासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. या धंद्यात रोज हजारो लोक आपापली गाठोडी आमच्याकडे ठेवून जातात. त्यांना आम्ही पासवर्ड म्हणतो. ती गाठोडी आम्ही कशी ठेवतो, हा वरवर पाहता तांत्रिक प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे अभ्यासक्रमाच्या पुस्तकात असतात. पण त्याच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याचे गुपित सांभाळायचे, तर ते सांभाळणाऱ्याला माहीत असावे काय?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो एका चुकीतून भेटला, आणि चूक माझीच होती.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका लहान पतसंस्थेसाठी प्रोग्रॅम लिहिला. त्यात कर्मचाऱ्यांच्या खात्यांचा एक तक्ता होता. क्रमांक, नाव, हुद्दा आणि पासवर्ड असे चार रकाने. पासवर्ड जसा टाइप केला तसाच चौथ्या रकान्यात जाऊन बसे. मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. कोणी विसरले तर सांगता येईल, ही सोयच वाटली होती.

त्या संस्थेत एक वयस्क बाई कारकून होत्या. सगळे त्यांना आपा म्हणत. एके दिवशी मी तिथे गेलो असताना त्या म्हणाल्या, ‘‘भाईजान, जरा बघा ना, माझा पासवर्ड घेतच नाही.’’ मी माझ्या जागेवरून तक्ता उघडला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. ते एक नाव होते. रोमन लिपीत लिहिताना त्यात एक अक्षर दोनदा येत होते, तेवढीच गफलत होती. मी ते अक्षरन् अक्षर सांगितले. खोलीत एकदम शांतता पसरली. ते त्यांच्या मुलाचे नाव होते. तो मुलगा घर सोडून गेला होता, आणि त्या घरात त्याचे नाव कोणी उच्चारायचे नाही असा वडिलांचा दंडक होता. ही गोष्ट खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होती, माझ्याशिवाय. आपांनी पदर सारखा केला, ते नाव टाइप केले आणि कामाला लागल्या.

ती बाई रोज सकाळी ते नाव बोटांनी घेत होती. जे ओठांवर आणायची मुभा नव्हती, ते तिने यंत्रावर ठेवले होते. कारण पासवर्ड लिहिताना पडद्यावर ठिपके दिसतात, अक्षरे दिसत नाहीत. त्या ठिपक्यांवर तिने विश्वास टाकला होता. ठिपक्यांमागे माझा उघडा रकाना आहे हे तिला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तो तक्ता उघडला. काही गरज नव्हती. केवळ पाहायला मिळते म्हणून पाहिले. आपांनी पासवर्ड बदलला होता. आता तिथे होते : १२३४५६.

पहिली चूक अजाणतेपणी झाली होती. दुसऱ्या वेळी मी जाणूनबुजून पाहिले होते. ती दुसरी वेळ मला जास्त बोचत राहिली.

ही चूक करणारा मी काही पहिला नव्हतो, हे पुढे वाचनात आले. पासवर्ड ही चीज संगणकात आली तीच मुळी या खोडीसकट. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच यंत्रावर अनेकांना काम करता येईल अशी व्यवस्था उभारली. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. हे सारे पासवर्ड एका फाइलीत उघडे पडून होते. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाने ती फाइल सरळ छापून घेतली. यंत्रावरचा आपल्या वाट्याचा वेळ त्याला पुरत नव्हता. दुसऱ्यांच्या नावावर काम करून त्याने तो वाढवून घेतला. पुढे त्याने स्वतःच हे सांगितले. त्याच दशकात एके दुपारी आणखी गंमत झाली. जो कोणी यंत्रावर येई, त्याला स्वागताच्या रोजच्या मजकुराऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी छापून मिळू लागली. दोन माणसे एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करीत होती आणि प्रोग्रॅमने त्यांची अदलाबदल केली. इथे चोर कोणी नव्हता. १९९० चा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना कोर्बाटो यांनी ही हकिकत सांगितली.

उपाय निघाला तो केंब्रिजमध्ये. तिथल्या टायटन नावाच्या यंत्रावर काम करताना रॉजर नीडहॅम यांनी याच दशकात एक साधा विचार मांडला. पासवर्ड ठेवायचाच कशाला? त्याचा फक्त असा ठसा ठेवावा, की ठशावरून मूळ शब्दाकडे परत जाता येऊ नये.

कांडप यंत्रात मिरची, धणे, खोबरे घालून मसाला कुटला की त्यातून अख्खी मिरची कोणी परत काढू शकत नाही. पण तेच जिन्नस त्याच मापाने पुन्हा आणले तर तोच मसाला पुन्हा निघेल. संगणक नेमके हेच करतो. तुम्ही पासवर्ड दिला की तो कुटून जो भुगा निघतो तो ठेवतो, मूळ शब्द टाकून देतो. उद्या तुम्ही परत आलात की दिलेला शब्द पुन्हा कुटतो आणि दोन भुगे ताडून पाहतो. जुळले, तर तुम्ही तुम्हीच. आमच्या भाषेत या भुग्याला हॅश म्हणतात. तुम्ही काय सांगितले हे यंत्राला आठवत नाही. फक्त तुम्ही खरे सांगितले की नाही एवढे ते ओळखते.

यातही एक उणीव राहिली. दोघांचा पासवर्ड एकच असेल तर भुगाही एकच निघणार. चोराने सामान्य शब्दांचा भुगा आधीच कुटून ठेवला, तर नुसते मिळवून पाहायचे उरते. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी युनिक्स व्यवस्थेतला आपला अनुभव लिहून प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी २,८३१ सहज हाती लागण्याजोगे होते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक खात्याच्या वाट्याला कुटण्याआधी एक वेगळी चिमूट टाकायची. तिचे नावच त्यांनी ‘मीठ’ ठेवले. आणि कुटण्याचे काम मुद्दाम संथ करायचे. खऱ्या मालकाला एकदाच कुटायचे असते, त्याला क्षणभराचा उशीर जाणवत नाही. चोराला कोट्यवधी वेळा कुटायचे असते, त्याचा जीव मेटाकुटीला येतो. १९९९ मध्ये आलेली बीक्रिप्ट आणि २०१५ च्या स्पर्धेत पहिली ठरलेली आर्गन-टू या पद्धती याच वाटेवरच्या आहेत. यंत्रे वेगवान होत जातात तसा कुटण्याचा संथपणाही वाढवता येईल अशी तजवीज त्यांत आहे. ज्या धंद्यात सगळी धडपड वेगासाठी चालते, त्यात हे एक काम असे आहे की जे सावकाश करणे हेच त्याचे इमान आहे.

म्हणजे ज्ञान पन्नास वर्षांहून जुने आहे. तरीही २००९ च्या डिसेंबरात रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले, ते सगळे उघडे. त्यांत सर्वाधिक आढळलेला पासवर्ड होता १२३४५६. ते वाचून मला आपा आठवल्या. लोक असे पासवर्ड का ठेवतात म्हणून जगभर हसू झाले; पण त्यांतले कितीजण आळसाने ते ठेवतात आणि कितीजणांनी यंत्रावर काही खासगी ठेवण्याची उमेदच सोडलेली असते, हे आकड्यांवरून कळत नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले. ते कुटलेले होते, पण मिठाची चिमूट विसरलेली होती.

इथे कोणी म्हणेल, की मोठ्या कंपन्यांचे ठीक आहे. आमच्या जमातीच्या वाचनालयाच्या यादीत, आमच्या शाळेच्या प्रोग्रॅममध्ये असे काय गुपित असणार? हा युक्तिवाद मीही केला आहे. तो दोन ठिकाणी लंगडा आहे. एक तर माणूस दहा दारांना दहा किल्ल्या करीत नाही. वाचनालयाला दिलेला शब्दच त्याने ईमेलला आणि बँकेला दिलेला असतो. तेव्हा माझ्याकडे आलेली किल्ली माझ्या दाराची असली तरी तिने भलतीच दारे उघडतात. आणि दुसरे म्हणजे पासवर्ड हा नुसती किल्ली नसतो. माणसे त्यात मेलेल्या आईचे नाव ठेवतात, जुन्या गावाचे ठेवतात, न जमलेल्या निकाहाची तारीख ठेवतात. कोणी पाहणार नाही या भरवशावर लिहिलेली ती एका शब्दाची रोजनिशी असते.

बहुतेक खयानत चोरीतून होत नाही. ती मांडणीतून होते. प्रोग्रॅममध्ये माणसाचे एक चित्र उभे करावे लागते. त्याला आम्ही खाते म्हणतो. क्रमांक, नाव, हुद्दा, पत्ता एका पेटीत घालून ती पेटी प्रोग्रॅमभर फिरते : पडद्यावर जाते, अहवालात जाते, रोजच्या नोंदवहीत जाते. नवशिका माणूस त्याच पेटीत पासवर्डही घालतो, कारण ‘तोही त्याचाच तपशील’. मग पेटी जाईल तिथे पासवर्ड जातो. २०१८ च्या मे महिन्यात ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, कारण कुटण्याआधीच ते आतल्या नोंदवहीत उतरत होते. २०१९ च्या मार्चमध्ये फेसबुकनेही कोट्यवधी पासवर्ड आपल्या आतल्या व्यवस्थेत वाचता येतील अशा रूपात राहिल्याचे मान्य केले. त्यासाठी २०२४ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. दोन्ही ठिकाणी तक्त्याची कडीकुलपे शाबूत होती. गुपित कुलपापर्यंत पोचण्याआधी वाटेत सांडले होते.

म्हणून आता मी शिकाऊ मुलांना सांगतो, की पासवर्ड हा माणसाचा तपशील नव्हे. उंची, पत्ता, हुद्दा हे त्याच्याविषयी असते. पासवर्ड त्याने आपल्याला क्षणभर कानात सांगितलेला असतो. त्याला खात्याच्या पेटीत जागा देऊ नका. तो दारातून आला, कुटला गेला, नाहीसा झाला, एवढाच त्याचा प्रवास असावा. आणि उरलेल्या भुग्याला ‘पासवर्ड’ म्हणू नका, ‘पासवर्डचा हॅश’ म्हणा. वस्तूला खोटे नाव दिले की उद्या येणारा दुसरा माणूस त्या नावावर विश्वासून चूक करतो.

प्रश्नोत्तरांचा प्रकारही असाच. पासवर्ड विसरलात तर आईचे माहेरचे आडनाव सांगा, असे पूर्वी सर्रास विचारीत. ज्याने हे लिहिले त्याच्या कल्पनेत एकाच तऱ्हेचे कुटुंब होते. आपल्याकडे चुलत घरात निकाह झालेली कितीतरी घरे आहेत. तिथे आईचे माहेरचे आडनाव आणि मुलाचे आडनाव एकच. ते ‘गुपित’ दाराच्या पाटीवर लिहिलेले असते. माणसाचे चित्र काढताना आपण कोणाला डोळ्यांसमोर ठेवतो, यावर कोणाचे दार कच्चे राहणार हे ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो मला बरेच दिवस छळत होता. अमानत म्हणजे विश्वास. शेजारणीला गाठ सोडता येत होती, तरी तिने सोडली नाही. त्यात तिचा मोठेपणा. मी मात्र अशी व्यवस्था केली, की मला इच्छा झाली तरी पाहता येणार नाही. मग मी इमानदार कसा? ज्याला चोरी करणेच शक्य नाही, त्याच्या चोरी न करण्याला काय मोल? हात बांधलेल्या माणसाने कोणाला मारले नाही म्हणून त्याला दयाळू म्हणायचे काय?

या आक्षेपात दम आहे. मुहम्मद पैगंबरांना (स.) नुबुव्वतच्या आधीपासून मक्केतील लोक ‘अल्-अमीन’ म्हणत. त्यांच्याकडे लोक ठेवी ठेवीत. पुढे तेच लोक त्यांच्या जिवावर उठले, तरी ठेवी त्यांच्याकडेच राहिल्या. इ. स. ६२२ मध्ये हिजरतच्या रात्री त्यांनी हजरत अलींना (र.) मक्केत मागे ठेवले, ते ज्याची त्याची ठेव पोचती करण्यासाठी. ठेवी ज्यांच्या त्यांच्या हवाली करण्याची आज्ञा सूरह निसामध्ये आहेच. इथे यंत्रणा कोणतीच नाही. सगळे एका माणसाच्या शीलावर उभे आहे. त्यापुढे माझ्या हॅशची काय मातब्बरी?

पण विचार करता करता मला दोन फरक दिसले. पहिला असा, की ठेवी दोन प्रकारच्या असतात. दागिना परत द्यायचा असतो, म्हणून तो ठेवावाच लागतो. पासवर्ड परत द्यायचाच नसतो; तो मालकाच्या डोक्यात असतोच. मग त्याची माझ्याकडे एक प्रत राहण्याचे कारण काय? जी वस्तू परत करायची नाही ती ठेवून घेणे याला सांभाळणे म्हणत नाहीत. गुपिताच्या अमानतीचे पूर्ण रूप, ते ठेवून न घेणे हेच आहे.

दुसरा फरक स्वतःला ओळखण्याचा आहे. हजरत उमर (र.) यांची एक गोष्ट परंपरेत सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीवर असताना त्यांना एका घरातून संशयास्पद आवाज आला. ते भिंत चढून आत गेले आणि घरमालकाला गैरकृत्य करताना पकडले. तो म्हणाला, ‘माझा गुन्हा एक, तुमचे तीन. तुम्ही पाळत ठेवली, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि परवानगी न घेता, सलाम न करता आत शिरलात.’ खलिफांनी ते मान्य केले आणि परत फिरले. सत्ता हातात होती, हेतूही चांगला होता, आणि चूक सांगणारा स्वतः दोषी होता. तरी ते फिरले. आमच्या धंद्यात व्यवस्थापकाला प्रत्येक भिंतीवरून आत डोकावता येते. पण उमर यांच्यासारखे फिरणे प्रत्येकाला जमेल असे नाही. मला जमले नव्हते. आपांचा नवा पासवर्ड पाहायला मी दुसऱ्या दिवशी भिंत चढलोच होतो.

म्हणून मला आता वाटते, की हात बांधलेल्याचा दाखला इथे लागू पडत नाही; कारण माझे हात दुसऱ्याने बांधलेले नाहीत. तक्ता लिहायला बसलो त्या दिवशी दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. उघडा रकाना लिहिणे सोपे होते, लवकर होणारे होते, आणि गिऱ्हाइकाला फरक कळला नसता. त्या क्षणी जो माणूस स्वतःच्या उद्याच्या मोहाविरुद्ध बंदोबस्त करतो, त्याचे इमान त्या क्षणीच खर्ची पडलेले असते. मीच एकटा कायम त्या खुर्चीत बसणार नाही, हेही त्याला ठाऊक असते. उद्या दुसरा येईल, परवा कोणाचा दबाव येईल. शेजारणीचे शील शेजारणीबरोबर जाते. ती गेली की गाठोडे सुनेच्या हाती पडते. कुटलेला शब्द मात्र कोणाच्याही हाती पडला तरी लवकर तोंड उघडत नाही.

‘लवकर’ हा शब्द मी जपून वापरला. १२३४५६ कितीही नीट कुटले तरी चोर पहिल्या फेरीतच ओळखतो. यंत्रणा शीलाची जागा घेत नाही, ते फक्त पुढच्या माणसापर्यंत पोचवते. जिथे यंत्रणाच नाही तिथे शीलाचीच गरज पडते. आपल्या मोहल्ल्यातल्या सायबर कॅफेत शिष्यवृत्तीचा, हजचा अर्ज भरायला गेलेल्या माणसाचे खाते दुकानदारच उघडतो, पासवर्ड तोच ठरवतो आणि पावतीच्या मागे लिहून देतो. त्या माणसाचे सरकारदरबारचे सगळे अस्तित्व त्या पोराच्या वहीत असते. त्याला कोणी सांगत नाही, की ही वही म्हणजे अमानत आहे. जुम्म्याच्या बयानात व्याजावर बोलले जाते, गैबतीवर बोलले जाते. या वहीवरही एकदा बोलले जावे असे मला फार वाटते.

२०२३ मध्ये आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मला त्यातला दंडापेक्षा एक शब्द लक्षणीय वाटला. लोकांची माहिती बाळगणाऱ्याला कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात मालक म्हटलेले नाही. ‘डेटा फिड्युशिअरी’ म्हटले आहे. फिड्युशिअरी म्हणजे विश्वस्त. आपल्या भाषेत अमीन.

सूरह अहजाबमध्ये येते, की अमानत आकाशांपुढे, धरतीपुढे, पर्वतांपुढे ठेवली गेली. ती त्यांनी भिऊन नाकारली आणि माणसाने उचलली. लहानपणी यात मला माणसाची शाबासकी दिसे. आता पर्वतांचे भिणेही समजते. काही ओझी न उचलण्यातच शहाणपण असते, आणि दुसऱ्याचे गुपित हे त्यांपैकी एक.

त्या पतसंस्थेचा प्रोग्रॅम मी पुढे वर्षभरात बदलून दिला. चौथा रकाना काढला, त्या जागी न वाचता येणारा भुगा आला. सगळ्यांना नवे पासवर्ड ठेवायला सांगितले. आपांकडे जाऊन म्हणालो, ‘‘आपा, आता हे मलाही दिसणार नाही. विसरलात तर नवा करून देईन, जुना सांगू शकणार नाही.’’ माफी मागायचे शब्द तोंडापर्यंत आले होते, पण मागायची तर ते नाव पुन्हा निघाले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, म्हणाल्या, ‘‘खरंच दिसणार नाही?’’ मी नाही म्हटले. मग त्यांनी पडदा थोडा आपल्याकडे वळवला आणि काहीतरी टाइप केले. बोटे सहा आकड्यांपेक्षा जास्त वेळ चालली.

ते काय होते, मला ठाऊक नाही.